दंडाची जुडी

“तोंड झाका, हात दाखवा, हाताला कोण ओळखतंय,” असं चांगुणा एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा ती मेथीच्या ढिगाशेजारी फतकल मारून बसली होती, आणि आपण शहाणपणाचं बोललो असं तिला मनापासून वाटलं होतं. वाटायला कारणही होतं. तिच्याच शहाणपणावर ‘थारा’ चोवीस वर्षं चालत आलं होतं. थारा म्हणजे नाशकात पंचवटीच्या पलीकडे, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागचं चार खोल्यांचं घर. मार खाऊन पळालेल्या बायका तिथं येतात. दारावर पाटी नाही. पत्ता बापालाही सांगायचा नाही, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम, आल्या दिवशी कुणाला काही विचारायचं नाही. आधी जेवायला वाढायचं.

चांगुणा स्वतः वणीकडच्या एका खेड्यातून अशीच आली होती. पाटाचं पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या रानात गेलं, म्हणून नवऱ्यानं कुदळीचा दांडा तिच्या डाव्या कानावर घातला. दांडा बसला तेव्हा आवाज झाला नाही, असं ती सांगायची. ज्यानं ऐकायचं तेच आधी फुटलं. गळ्यापर्यंत रक्त, त्यावर पदर, तशीच ती एसटीत बसली आणि नाशकात उतरली. तेव्हापासून कुणाबरोबर चालायचं झालं की ती त्याच्या डाव्या अंगाला जाते, म्हणजे तिचा चालू कान त्याच्याकडं राहतो. डावीकडचं जग तिच्यापुरतं मुकं आहे.

थाराची विश्वस्त मंडळी सज्जन, पण म्हातारी. पावतीपुस्तक घेऊन ओळखीच्या चार घरी जायची, चहा पिऊन परत यायची. चांगुणालाही एकदा पुस्तक दिलं. पहिल्याच बंगल्यात कुणी तरी तिला नोकर समजून भांडी दाखवली. तिनं ती घासली, पावती फाडली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मार्केट यार्डात जायला लागली. पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो. शंभर जुड्यांचा भाव पुकारतात. शेकड्यामागं एक जुडी थाराची, असं तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं. खांद्यावर गोणपाट टाकून ती ढिगांमधून फिरायची, जुडी उचलायची आणि पुढं व्हायची. शेतकरी शिव्या द्यायचे, पण जुडी ओढून घ्यायला कुणी उठत नव्हतं. दोन-तीन वर्षांत तो रिवाजच झाला. संध्याकाळी थारातल्या बायका त्या जुड्या सोडून, निवडून, नव्यानं बांधून खानावळींना विकायच्या. त्यावर घर चालायचं.

दंड मात्र नंतर सुरू झाला. मार्केटात माल घेऊन बायकाही यायच्या, टेम्पोच्या सावलीत बसायच्या. चांगुणा त्यांच्याशेजारी तंबाखू मळत बसली की कोण कसा आहे ते तिला कळायचं. मग ती ढिगापाशी जाऊन मोठ्यानं विचारायची, सगळ्या लिलावाला ऐकू जाईल असं.

“सहादू, काल काय झालं रे घरी?”

“काय नाय बाई. जरा बोलाचाली.”

“बोलाचालीनं डोळ्याखाली निळं झालं व्हय? टाक पाच जुड्या.”

“पाच? दोनच तर मारल्या!”

“मंग तीन खोटं बोलल्याच्या.”

लोक हसायचे, सहादू हसायचा, जुड्या गोणपाटात पडायच्या. भाव ठरून गेले. थापडीला एक, लाथेला तीन, काठीला पाच. हत्यार उचललं तर आख्खा शेकडा. सांगून हसू येईल, पण काही घरांत हात खरंच आखडले. चारचौघांत शंभर जुड्या मोजून द्यायच्या म्हणजे पुरुषाला मरण. आणि थाराचं गोणपाट जड व्हायला लागलं.

मग एका दुपारी वाळू नावाच्या माणसानं, कुणी काही विचारायच्या आधीच, पाच जुड्या तिच्यापुढं टाकल्या.

“आगाऊ घे, बाई. आज घरी जाऊन मारायचंय.”

सगळं आवार हसलं. चांगुणाही हसली. तोंडातून हसू निघून गेल्यावर तिला कळलं आपण काय केलं. तिसऱ्या दिवशी वाळूची बायको मनगटाला प्लास्टर घालून मार्केटात आली आणि चांगुणाकडं बघून तिनं मान फिरवली. चांगुणा उठली. वाळूच्याच ढिगातली कोथिंबिरीची मोठी जुडी तिनं दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या तोंडावर हाणायला लागली. देठं मोडली, मुळांची माती त्याच्या डोळ्यांत गेली, ओठ फुटला. तो खाली बसला, तरी ती हाणतच होती. आणि वाळू, मातीनं भरलेले डोळे मिटून, हसत होता.

“मार, बाई, मार. ह्याच्या किती जुड्या लागल्या तुला?”

तिचा हात थांबला. त्या दिवशी ती गोणपाट तिथंच टाकून आली. दुसऱ्या दिवशी परत गेली, कारण घरात अठरा तोंडं होती. दंड चालू राहिला. मारालाही भाव असतो हे तिनंच मार्केटाला शिकवलं होतं, आणि आता ते शिकवलेलं परत घेता येत नव्हतं. हे ती कुणाजवळ बोलली नाही. फक्त त्यानंतर ती जुड्या घेताना कधी हसली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात घरमालकानं जागा विकली. दिवाळीपर्यंत खाली करा म्हणाला. विश्वस्तांनी एकमेकांकडं बघितलं आणि देणग्या वाढवण्यासाठी भाग्यश्री नावाची मुलगी नेमली. पुण्यात शिकलेली, तिशीची, चांगल्या मनाची. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्या बायकांची नावं पाठ केली. दुसऱ्या आठवड्यात ती चांगुणाजवळ बसली.

“मावशी, तुमचं काम मोठंच आहे. पण मेथीनं घर उभं राहणार नाही. लोक भाजीला पैसे देत नाहीत, गोष्टीला देतात.”

“कुणाची गोष्ट?”

“इथल्याच कुणाची तरी. खरी. दोन मिनिटांची फिल्म करायची. मी दिशाशी बोलले, ती तयार आहे.”

दिशा थारात येऊन चार महिने झाले होते. वय बावीस-तेवीस. दिंडोरीच्या बाजूला बहिरू म्हणून पालेभाजीचा मोठा बागाईतदार, त्याची ती सून. त्याचा मुलगा राज तिला पाण्याच्या मोटारीच्या वायरनं मारायचा. वळ पाठीवर असे होते की जणू कुणी नांगर घातलाय. कमी बोलायची. जुड्या मात्र तिच्यासारख्या कुणी बांधत नव्हतं.

“तिचं तोंड दिसलं तर तो येईल,” चांगुणा म्हणाली. “गळा कापील तिचा. तुमाला ठावं नाय, ताई, ही माणसं.”

भाग्यश्रीचा चेहरा पडला. दिवाळी दोन महिन्यांवर होती. आणि तेव्हा चांगुणा ते वाक्य बोलली, तोंड झाका, हात दाखवा.

फिल्म झाली. अंगणात नळाशेजारी दिशा बसली, तिच्या पुढ्यात मेथीचा ढीग. कॅमेऱ्यात फक्त हात. आवाज भाग्यश्रीचा. हात देठं सारखी करायचे, केळीच्या सोपटाची पट्टी घ्यायचे, दोन वेढे द्यायचे आणि टोक वरून गाठ न मारता खालून आत सरकवायचे. गाठ दिसायचीच नाही. मनगटावरचा काळा वळ मात्र दिसायचा. चांगुणा कॅमेऱ्याच्या मागं उभी राहून म्हणाली, “बघा, कसे चालतात हात. सतारीवर चालावेत तसे.”

ज्या बाईला अंधारात हाताला लागलेली जुडी कुणाच्या घरची ते सांगता यायचं, ती हे बोलली. मार्केटात प्रत्येक घराची बांधणी वेगळी. कुणाची सुतळी, कुणाचं रबर, कुणाचा गवताचा पीळ. बहिरूच्या घरची मेथी दोन वर्षं अशी खालून सरकवलेल्या सोपटाची येत होती, आणि गेले चार महिने ती रबरात यायला लागली होती. चांगुणानं रोज ते रबर हातानं काढलं होतं. तिच्या डोक्यात ते आणि हे एकत्र आलं नाही. तोंड झाकलंय एवढंच तिला दिसत होतं. चोवीस वर्षांत ज्यांना घाबरायला ती शिकली होती ते सगळे पुरुष तोंडं ओळखणारे होते.

फिल्म फोनाफोनानं फिरली. पाचव्या दिवशी लिलावाच्या गडबडीत वाळूनं फोन वर धरला.

“आरं, ही तर बहिरूच्या सुनंची जुडी! म्हणजे पाखरू चांगुणाबाईच्या पिंजऱ्यात हाय!”

तो गमतीनंच म्हणाला असेल. चांगुणाच्या चालू कानावर ते पडलं. तिनं मान वळवली. बहिरू आपल्या ढिगामागं उकिडवा बसला होता. त्यानं वाळूच्या हातातला फोन मागून घेतला, शांतपणे बघितला, परत दिला. चांगुणानं गोणपाट आवळलं, मालाची रिक्षा केली आणि घाईनं घराकडं निघाली. आता दिशाला येवल्याला आपल्या ओळखीच्या पैठणी विणणाऱ्या बाईकडं हलवायचं, आजच्या आज, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मागं एक मोटारसायकल लागली होती. ती डाव्या अंगाला होती.

रिक्षा आत घ्यायला चांगुणानं स्वतःच्या हातानं फाटक उघडलं.

राज दिसायला देखणा होता. इस्त्रीचा शर्ट, नुकती केलेली दाढी. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. मोटारसायकल बाहेर लावून, पाहुणा येतो तसा आत आला. दिशा पायरीशी बसून सोपटं भिजवत होती. तिनं त्याला बघितलं आणि उठलीसुद्धा नाही. नळापाशी पाटा-वरवंटा होता. त्यानं वरवंटा उचलला, तिच्या छातीवर गुडघा दिला, तिचा उजवा हात पायरीच्या दगडावर पसरून धरला, एखादी बाई पोळपाटावर पोळी पसरते तसा, आणि घातला. मग पुन्हा घातला. मग पुन्हा.

“फिल्ममधी बांधती व्हय जुड्या? बांध. बांध आता.”

बायका किंचाळत होत्या, पोरं खोल्यांत पळत होती. चांगुणाच्या पाठीवर पोतं होतं आणि तोंड रिक्षाकडं. तिला सगळ्यात उशिरा ऐकू आलं. वळली तेव्हा पायरीवरून पाण्यासारखं काहीतरी ओघळत होतं आणि त्यात मेथीची पानं चिकटत होती. तिनं पोतं टाकलं. रिक्षातला जॅकचा दांडा ओढला. नेम धरला नाही, धरायची गरज पडली नाही; हाताला जागा माहीत होती. दांडा राजच्या डाव्या कानावर बसला, आणि चोवीस वर्षांनी चांगुणाला कळलं की त्याचा आवाज होतो. ओलं लाकूड फुटावं तसा होतो. तो कलंडला. ती त्याच्यावर बसली आणि पुन्हा मारत राहिली, खांद्यावर, पाठीवर, मिळेल तिथं. रिक्षावाल्यानं आणि तीन बायकांनी मिळून तिला ओढलं तेव्हा तिच्या तोंडातून नुसती लाळ गळत होती. आपल्याला किती बरं वाटतंय, याचीच तिला भीती वाटली.

पोलीस आले. राजला घेऊन गेले, चांगुणाचाही जबाब झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाताची तीन बोटं आता मिटणार नाहीत.

तिथं खाटेशेजारी बसून चांगुणा दुसऱ्या दिवशी बोलली. “मला कळायला पायजे होतं, बाई. जुडी बघून मला कळायला पायजे होतं.”

दिशा छताकडं बघत होती. “मला कळलं होतं, मावशी.”

“काय?”

“ती गाठ माझ्या आईची हाय. माहेरची. मी सासरी नेली. आई बी मार्केटाला माल पाठवती. वाटलं, कुणी तरी तिला फोन दाखवील. पोरगी जिती हाय एवढं तिला कळंल.” पट्टीतला हात तिनं पोटावर घेतला. “तिनं बघितलं का नाय, कुणास ठावं.”

चांगुणानं तिच्या कपाळावर हात ठेवला. रडावं असं तिला वाटलं, पण रडू आलं नाही.

आणि देणग्या वाढल्या. वर्तमानपत्रात बातमी आली, फिल्म पुन्हा फिरली, या वेळी खाली लोकांनी हळहळ लिहिली. आठवड्याभरात वर्षभराइतके पैसे आले, पण जागा घेण्याइतके नव्हेत. अंबडच्या एका कारखानदारानं भाग्यश्रीला बोलावून घेतलं. त्याच्या बायकोला ती फिल्म बघून रात्रभर झोप लागली नव्हती. रिकामी पडलेली दुमजली इमारत तो थाराला द्यायला तयार होता. रविवारी सकाळी अकरा वाजता आपल्या व्यवसायातल्या दोनशे माणसांपुढं जाहीर करणार होता, म्हणजे आणखी कुणाला दानाची बुद्धी झाली तर झाली. एकच म्हणणं होतं. दिशानं व्यासपीठावर यावं. बोलायची गरज नाही. दोन मिनिटं उभं राहावं.

“आता तिचं तोंड लपवायचं काय राहिलंय, मावशी?” भाग्यश्री म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. ती रोज दवाखान्यात येत होती, स्वतःला दोष देत होती. “तो आत आहे. तिला कुणापासून धोका नाही. आणि दिवाळीला तीन आठवडे उरलेत. अठरा जणी, अकरा मुलं. तुम्हीच सांगा, कुठे न्यायचं सगळ्यांना? ती तुमचंच ऐकेल.”

दोन दिवस चांगुणा मार्केटात गेली नाही. कोणाला कुठं झोपवता येईल ते मनात मांडून बघत राहिली. दोघी येवल्याला, तिघी एका देवळाच्या भक्तनिवासात, एक तिच्या भावाकडं, तीही भावजयीनं दार उघडलं तर. सहाच्या पुढं गाडी जात नव्हती. बाकीच्या बारा जणी म्हणजे बारा परतलेल्या बायका. त्यातल्या चौघी तरी जिवंत राहणार नाहीत हे तिला, भाकरी थापताना पीठ किती लागेल ते कळतं, तसं कळत होतं. शेवटी ती दिशाला म्हणाली, “येशील का?”

“तुमी म्हनाल तर येते.”

“मी म्हनते.”

रविवारी दोघी गेल्या. मंगल कार्यालयासारखा मोठा हॉल, गार हवा, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या. व्यासपीठाशेजारच्या खोलीत त्यांना बसवलं. त्या खोलीला बाहेर जायचा रस्ता हॉलमधूनच होता. पडद्यापलीकडे फिल्म लागली. आता तिला संगीत जोडलं होतं. लोक इतके गप्प होते की कुणाचा तरी चमचा बशीत पडला तोही चांगुणाला ऐकू आला.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी एक बाई आत आली. गोड बोलणारी, केसांत मोगरा. तिनं दिशाच्या हाताच्या पट्टीकडं बघितलं, मग भाग्यश्रीकडं.

“ही पट्टी अशी जाड दिसतेय. मागच्या टेबलांना काही कळणार नाही हो. वरचे दोन वेढे काढले तर? बोटं तरी दिसतील.”

“नको,” भाग्यश्री म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “दुखेल तिला.” मग आणखी खालच्या आवाजात, “दिशा, दुखेल का गं? थोडंसंच?”

दिशानं हात पुढं केला.

चांगुणा ते बघत होती. हात पुढं करताना दिशानं मान एका अंगाला वळवली, खांदा किंचित उचलला, डोळे मिटले. ज्या बाईला रोज मार बसतो ती मारणाऱ्यानं हात उगारायच्या आधीच अंग पुढं करते. लवकर आटपावं म्हणून करते. थारात आलेल्या प्रत्येक बाईत चांगुणानं हे बघितलं होतं आणि ते जायला किती महिने लागतात ते मोजलं होतं. दिशाचं गेलं होतं. मागच्या महिन्यात पाण्याच्या नंबरावरून ती एका बाईशी भांडलीसुद्धा होती, जोरात, कमरेवर हात ठेवून.

मोगऱ्याच्या बाईनं पट्टीचं टोक शोधलं.

चांगुणा मध्ये आली. तिनं त्या बाईचं मनगट धरून बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं बाजूला केलं. दिशाचा हात तिच्या पदराखाली घातला आणि तिला दंडाला धरून उठवलं.

“मावशी,” भाग्यश्रीनं वाट अडवली. “अठरा जणी आहेत. इमारत जाईल. तुम्हाला माहितेय, काय होईल ते.”

चांगुणाला माहीत होतं. तिनं भाग्यश्रीच्या डोळ्यांत बघितलं, आणि भाग्यश्री बाजूला झाली.

दोघी पडदा सारून हॉलमध्ये आल्या. फिल्म संपून दिवे लागत होते. व्यासपीठावरच्या कारखानदारानं त्यांना बघितलं आणि तो उभा राहिला. त्याच्याबरोबर दोनशे माणसं उभी राहिली, टाळ्या वाजवायला लागली. कुणी तरी माईक पुढं केला. “चांगुणाबाई, आपण दोन शब्द...”

तिनं माईककडं बघितलं नाही. टेबलांमधल्या वाटेनं ती दिशाला घेऊन सरळ दाराकडं चालत राहिली. टाळ्या आधी पुढच्या टेबलांवर थांबल्या, मग मधल्या, मग मागच्या. दारावरच्या माणसानं काही न कळून दार उघडलं. बाहेर अकराचं लख्ख ऊन होतं. चांगुणानं आधी दिशाला बाहेर काढलं आणि तिच्यामागून आपण बाहेर पडली.